बेटावरचे देऊळ आणि किनाऱ्यावरचे गाव

(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नांदेड-लातूरचा मुलूख हा मांजरा, तेरणा, मन्याड आणि गोदावरीचा मुलूख. येथील माणसाला पाणी म्हटले की विहीर, बारव, तळे किंवा नदीचा डोह आठवतो. समुद्र हा त्याने बहुधा भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेला असतो. परंतु अलीकडे शाळेच्या सहली, भिशी मंडळांच्या सहली, नव्याने लग्न झालेली जोडपी, सारेच सोलापूर-कोल्हापूरवरून घाट उतरून कोकणात जाऊ लागले आहेत. त्यात मालवणचे नाव नेहमी पुढे असते. समुद्रात आंघोळ, होडीतून किल्ला, माशांचे किंवा सोलकढीचे जेवण, दोन फोटो, आणि परत. एवढ्यावर मालवण पाहून झाले असे समजतात. वास्तविक त्या गावाला आणि त्याच्या समोरच्या बेटाला साडेतीनशे वर्षांची अशी हकीकत आहे की ती कोणत्याही गावाने ऐकावी आणि आपल्या गावाशी ताडून पाहावी.

प्रथम जागा समजून घेऊ. मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. गावाच्या समोर, किनाऱ्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर समुद्रात एक खडकाळ बेट आहे. त्याचे जुने नाव कुरटे. किल्ला सिंधुदुर्ग उभा आहे तो याच बेटावर. आसपास पद्मगड, राजकोट, सर्जेकोट असे लहान किल्ले आहेत. ते जणू मोठ्या वाड्याभोवतीच्या पहारेकऱ्यांच्या चौक्याच. समुद्राला दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. ओहोटीला पद्मगडाकडे पायी जाता येते, भरती आली की तीच वाट पाण्याखाली जाते. पाण्याखाली जागोजागी खडक दडलेले आहेत. वाट ठाऊक असलेल्या कोळ्यालाच तेथून होडी सुखरूप नेता येते. परक्याचे गलबत तेथे फुटलेच म्हणून समजावे.

मालवण या नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगतात. कोणी म्हणतात, येथे मिठागरे होती म्हणून ‘महालवण’ आणि त्याचे मालवण झाले. कोणी म्हणतात, माडांचे बन म्हणून माडबन, आणि त्यावरून मालवण. खरे कोणते याचा निकाल विद्वानांनी करावा. पण मीठ आणि माड या दोन्ही गोष्टी त्या गावाच्या पोटापाण्याच्या आहेत, तेव्हा दोन्ही नावे त्याला शोभतात.

आता किल्ल्याची गोष्ट. सतराव्या शतकात समुद्रावर परक्यांची सत्ता होती. गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्याला डचांची वखार, सुरतेला इंग्रज, आणि उत्तरेकडे जंजिऱ्याचा सिद्दी. जमिनीवर कितीही गड जिंकले तरी समुद्र दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर घराला पुढचे दार आहे पण मागचे उघडेच, अशी गत होती. शिवाजी महाराजांनी हे ओळखले आणि कुरटे बेटाची निवड केली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कामाचा मुहूर्त झाला. मालवणच्या किनाऱ्यावर ‘मोरयाचा धोंडा’ म्हणून खडक आहे, त्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. तेथे पूजा करून कामास आरंभ झाला असे मालवणात आजही सांगतात. २९ मार्च १६६७ रोजी काम पुरे झाले. म्हणजे सव्वादोन वर्षांहून थोडा अधिक काळ.

हा काळ कोणता होता, इकडे लक्ष द्यावे. काम सुरू झाल्यावर सात महिन्यांच्या आत, जून १६६५ मध्ये, पुरंदरचा तह झाला. महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. पुढच्या वर्षी, १६६६ साली, महाराज आग्र्यास गेले आणि तेथे नजरकैदेत अडकले. ऑगस्ट महिन्यात त्यांची सुटका झाली. स्वराज्य राहते की जाते, अशी ती वेळ. राजा शत्रूच्या पहाऱ्यात आहे, खजिन्याला ओढ आहे, निम्म्याहून अधिक गड हातचे गेलेले आहेत. अशा वेळी भर समुद्रात चालू असलेले काम बंद पडले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु ते बंद पडले नाही. पाथरवट, गवंडी, चुनाभट्टीवाले, लोहार, होडीवाले, बिगारी यांनी ते तडीस नेले. राजा परत आल्यावर सात महिन्यांत किल्ला पुरा उभा होता. बांधकामावर हिरोजी इंदुलकरांची देखरेख होती असे परंपरेने सांगतात. बाकीच्या शेकडो हातांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. पण तट त्यांचाच आहे.

किल्ल्याचे माप सांगायचे तर आतले क्षेत्र सुमारे ४८ एकर आहे. आपल्याकडील शेतकऱ्यांच्या हिशेबाने एकोणीस हेक्टर. भोवतीचा तट सुमारे तीन किलोमीटर लांबीचा, तीस फूट उंचीचा आणि बारा फूट रुंदीचा. बैलगाडी सहज जाईल एवढा तो रुंद. तट सरळ रेषेत नाही. तो नागमोडी वळणे घेत खडकाच्या आकाराप्रमाणे गेला आहे, आणि त्यात बेचाळीस बुरुज मोजतात. पायाचे दगड बसवताना शिशाचा रस ओतला असे सांगतात. मुख्य दरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा लपवला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कोठे आहे हे कळत नाही. कंधारच्या किल्ल्याभोवती पाण्याने भरलेला खंदक आहे, तो नांदेडकरांनी पाहिलेला आहे. तेथे माणसांनी खंदक खणून त्यात पाणी आणले. सिंधुदुर्गाला खंदक खणावा लागला नाही, समुद्र हाच त्याचा खंदक झाला. मात्र त्या खंदकाला रोज दोन वेळा उसळून तटावर धडका मारण्याची खोड आहे. म्हणून असला किल्ला एकदा बांधून भागत नाही. तो सारखा सांभाळावा लागतो. आजच्या विषयाचे सार याच वाक्यात आहे.

किल्ल्याचे काम चालू असतानाच मालवणच्या बंदराचा उपयोगही सुरू झाला. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज येथूनच आरमार घेऊन कर्नाटक किनाऱ्यावरील बसरूरच्या मोहिमेवर गेले. स्वतः समुद्रमार्गे मोहीम करणारा राजा म्हणून ही घटना इतिहासात नोंदली गेली आहे.

किल्ल्यात तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडे खारट समुद्र आणि मध्ये गोड पाण्याच्या विहिरी, हे पाहून सहलीतली मुले चकित होतात. यात चमत्कार नाही, निसर्गाचा हिशेब आहे. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. बेटावर पडलेले पाणी खडकाच्या भेगांतून जमिनीत मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून ते खाऱ्यावर तरंगून राहते. जसे ताकावर लोणी. वरचे हलक्या हाताने काढले तर गोडे मिळते. हावरेपणाने उपसा केला तर खालचे खारे वर येते आणि विहीर कायमची बिघडते. साडेतीनशे वर्षे त्या विहिरी गोड राहिल्या, याचे कारण उपसणाऱ्यांनी आपली ओंजळ ओळखली. लातूरकरांनी हे नीट ऐकावे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. जमिनीवरचे गाव आणि समुद्रातले बेट, दोघांनाही पोटातल्या पाण्याचा हिशेब सारखाच लागू आहे.

आता बेटावरच्या देवळाची गोष्ट. किल्ल्यात भवानी, महादेव, जरीमरी, महापुरुष अशी देवस्थाने आहेत. परंतु सर्वांत वेगळे म्हणजे श्री शिवराजेश्वर मंदिर. छत्रपती शिवाजी महाराजांचे हे देऊळ राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १६९५ साली, उभे राहिले. हाही काळ ध्यानात घेण्यासारखा आहे. १६८९ साली संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड पडला. औरंगजेब लाखोंची फौज घेऊन दख्खनेत तळ देऊन बसला होता. राजाराम महाराज दूर तामिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यात वेढ्यात होते. अशा काळात समुद्रातल्या एका बेटावर पित्याचे देऊळ बांधले गेले. सुबत्तेत देवळे बांधणारे पुष्कळ असतात. विपत्तीत बांधलेल्या देवळाची किंमत वेगळी असते.

या देवळातील मूर्ती वीरासनात बसलेली आहे. चेहऱ्यावर दाढी नाही आणि डोक्यावर कोळ्याच्या टोपीसारखी टोपी आहे. तसबिरीत आपण पाहतो तसा जिरेटोप घातलेला, दाढीचा राजा येथे नाही. ज्यांच्या होड्यांवर आणि ज्यांच्या मनगटावर आरमार उभे राहिले, त्या दर्यावर्दी लोकांना आपला राजा आपल्यासारखा दिसला, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

पुढे मराठ्यांच्या गाद्या दोन झाल्या आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे राहिला. मालवणच्या आरमाराचा धाक इंग्रजांच्या व्यापारी गलबतांना होता. म्हणून १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. ते नाव वर्षभरही टिकले नाही. १७६६ साली पैशाचा करार करून किल्ला त्यांनी कोल्हापूरकरांना परत दिला. शेवटी १८१२ च्या तहाने मालवण आणि सिंधुदुर्ग इंग्रजांकडे कायमचे गेले. समुद्रावरची मराठ्यांची सत्ता संपली. ज्या किल्ल्यावर तोफा चढत होत्या तेथे गवत वाढू लागले. फोर्ट ऑगस्टस हे नाव आज मालवणात कोणाला विचारले तर सांगता येणार नाही. शिवराजेश्वर हे नाव मात्र शाळकरी पोरगेही सांगेल. नाव फलकाने टिकत नाही, ते रोजच्या तोंडात असावे लागते.

यापुढची गोष्ट देणगीदारांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावी. १९०६-०७ साली कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांनी शिवराजेश्वराच्या देवळापुढे सभामंडप बांधून दिला. त्या वेळी मालवण हा इंग्रजी अंमलातील रत्नागिरी जिल्ह्याचा तालुका होता. महसुली दप्तराच्या दृष्टीने ती जमीन शाहू महाराजांची नव्हती. तेथील एक रुपया सारा कोल्हापूरच्या खजिन्यात जमा होत नव्हता. तरी त्यांनी मंडप बांधला. हक्क दप्तरातून जातो, पण ऋण जात नाही, हे त्या मंडपाने दाखवले. गाव सोडून हैदराबाद, पुणे, मुंबईला गेलेला माणूस, ज्याच्या नावावर गावात आता एक गुंठाही राहिलेला नाही, तो वर्गणी पाठवतो. त्याच्या मनातली भावना याच जातीची असते.

किल्ल्याची सत्ता गेली तरी किनाऱ्यावरच्या गावाला जगायचे होतेच. मालवण जगले ते मीठ, मासळी, नारळ आणि बंदर यांवर. कोकणात मिठाचा मामला किती जिव्हाळ्याचा, हे १९३० साली जवळच्याच वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याला झालेल्या मिठाच्या सत्याग्रहाने साऱ्या देशाला दाखवले. मासेमारीत रापण नावाची जुनी पद्धत आहे. लांबच लांब जाळे होडीतून अर्धगोल सोडतात. त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर येतात आणि दोन्ही बाजूंनी पन्नास-पन्नास माणसे दोर ओढतात. जाळे वर आले की मासळीचे वाटे पडतात. ज्याने दोर ओढला त्याचा वाटा ठरलेला. आपल्याकडे श्रमदानाने बंधारा घालतात किंवा इर्जिकीने एकमेकांची शेते पेरतात, तोच हा मामला, फक्त मातीऐवजी पाण्यावरचा.

मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने आगबोटी येत. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी बोटीने गावी येई आणि उरलेले वर्षभर त्याची मनीऑर्डर येई. पुढे रस्ते झाले, ही बोटसेवा बंद पडली. बंदराचे दिवस संपले. गावातील तरुण मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, छापखान्यांत गेले. त्यांनी आपली बोली मुंबईत नेली. १९८० साली रंगभूमीवर आलेले गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ नाटक मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवले, आणि मालवणी बोली साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. आपल्या घराघरांतील भिंतीवर टांगलेले ‘कालनिर्णय’ ज्यांनी १९७३ साली सुरू केले, ते ज्योतिर्भास्कर जयंतराव साळगावकर हेही मूळचे मालवणचेच. त्यांनी पुढे आपल्या गावात जय गणेश मंदिर बांधले. बाहेर गेलेला माणूस परत वळून गावाकडे पाहतो तो असा.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन नवा जिल्हा झाला. त्याला बेटावरच्या किल्ल्याचेच नाव मिळाले, सिंधुदुर्ग. त्याच दिवशी मराठवाड्यात जालना जिल्हा झाला, आणि पुढच्या वर्षी १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला. म्हणजे लातूर आणि सिंधुदुर्ग हे वयाने पाठोपाठचे भाऊ. लातूरने बाजारपेठेवर आणि शिक्षणावर नाव काढले. सिंधुदुर्गाकडे कारखाने नव्हते, मोठी बाजारपेठ नव्हती. होता तो समुद्र. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा सारा मार्ग वाहतुकीस खुला झाला. कुडाळ-कणकवलीला उतरून मालवणला जाणे सोपे झाले. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी येथे विमानतळ सुरू झाला. घरोघरी खोल्या भाड्याने देण्याचा धंदा सुरू झाला. तारकर्ली, देवबाग, चिवला ही किनाऱ्याची नावे वर्तमानपत्रांत येऊ लागली. पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी प्रवाळ पाहायला माणसे दुरून येऊ लागली. ज्या कोळ्याचा बाप जाळे टाकत होता, त्याचा मुलगा आज त्याच पाण्यात पाहुण्यांना बुडी मारायला शिकवतो.

एवढे झाल्यावर सारे आबादीआबाद असेल असे वाटते. परंतु नव्या धंद्याबरोबर नवे तंटे आले. १९८७ साली मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. समुद्रातील जीव राखावेत हा हेतू चांगला, पण आमच्या पोटाचे काय, असा सवाल मच्छीमारांनी केला. मोठ्या यांत्रिक बोटी पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे उचलू लागल्या, तेव्हा रापणकरांच्या दोराला रिकामे जाळे लागू लागले. त्यावर आंदोलने झाली, आणि २०१६ साली सरकारला पर्ससीन मासेमारीवर बंधने घालावी लागली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने किनाऱ्याला झोडपले, माड उन्मळून पडले, घरांची छपरे उडाली. समुद्र देतो तसा नेतोही, हे मालवणकराला कोणी शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करायचा, त्याची परवानगी मागायची, आणि मग पुन्हा पाण्यात उतरायचे, हा तेथला रिवाज आहे. पाहुण्यांनीही हीच मर्यादा पाळली तर दरवर्षी कोठे ना कोठे होणारे बुडण्याचे प्रसंग टळतील.

अलीकडची एक घटना सांगणे भाग आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन मालवणला साजरा झाला. त्या दिवशी राजकोट किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या सुमारे ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण पंतप्रधानांच्या हस्ते झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही झाले नव्हते, तो पुतळा कोसळला. साऱ्या महाराष्ट्राच्या काळजाला ती गोष्ट लागली. मे २०२५ मध्ये त्याच जागी अधिक उंच, नवा पुतळा उभा राहिला. दोष कोणाचा, याची चौकशी ज्यांनी करायची त्यांनी केली. त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. पण राजकोटाच्या त्या जागेवर उभे राहिले की समोर समुद्रात सिंधुदुर्गाचा तट दिसतो. तोच वारा, तेच खारे पाणी, तोच पावसाळा. साडेतीनशे वर्षांत त्या तटाचेही दगड निखळले, तो अभंग राहिला असे नाही. पण त्याच्या बांधणाऱ्यांनी समुद्राला गृहीत धरले नव्हते, त्याच्याशी हिशेब करून पाया घातला होता. आणि पुढच्यांनी अधूनमधून का होईना, डागडुजी केली.

या गोष्टीचे मर्म लातूर जिल्ह्यातील माणसाला दुसऱ्या कोणापेक्षा अधिक कळेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच गेली. ती भूकंपापेक्षाही आपल्या घरांखाली सापडून गेली. दगड आणि मातीच्या जाड भिंती, दगड एकमेकांत न गुंतवलेले, आणि वर दरवर्षी मातीचा थर चढवून जड झालेले माळवद. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने ऊन-पाऊस अडवला तेच छप्पर त्या पहाटे अंगावर आले. तेव्हापासून भिंतीत आडवे लांब दगड घालावेत, कोपरे बांधून घ्यावेत, माळवदावर माती चढवू नये, हे गवंड्यापासून म्हातारीपर्यंत सर्वांना माहीत झाले. बांधकाम हे केवळ उंचीचे आणि देखणेपणाचे काम नाही. त्याच्या खाली माणसे बसतात, लेकरे झोपतात. पायात काय घातले, दगड कशात बसवला, पाणी कोठून मुरते, हे विचारणारा माणूस विघ्नसंतोषी नसतो, तो राखणदार असतो.

११ जुलै २०२५ रोजी सिंधुदुर्गासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यातील अकरा महाराष्ट्रातील आणि एक तामिळनाडूतील जिंजी. राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात असताना सिंधुदुर्गावर देऊळ उभे राहिले होते. ते दोन्ही किल्ले सव्वातीनशे वर्षांनी एकाच यादीत आले. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु यादीत नाव लागल्याने तटावरचे झाड उपटले जात नाही, दगडांच्या दरजा भरल्या जात नाहीत. किल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली काही घरे आहेत. त्यांच्यातील अनेकजण रोजगाराअभावी, शाळा-दवाखान्याच्या अडचणीमुळे, पावसाळ्यातील कोंडीमुळे किनाऱ्यावर किंवा मुंबईला निघून गेले. जे उरले त्यांच्यामुळे बेटावर संध्याकाळी दिवा दिसतो. पाहुणे शेवटच्या होडीने निघून गेल्यावर जो मागे राहतो, किल्ला खरा त्याच्या भरवशावर असतो. ती घरे रिकामी झाली तर किल्ला राहील, तट राहील, तिकीट राहील, पण वस्ती जाईल. आणि वस्ती गेलेल्या जागेची पडझड किती लवकर होते, हे आपल्या मुलखातील ओसाड गढ्या आणि वाडे पाहिले म्हणजे कळते.

म्हणून मालवणला जाणाऱ्यांना दोन शब्द. होडीत बसताना होडीवाल्याचे ऐकावे. किल्ल्यात शिरताना प्लास्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या परत आणाव्यात. तटाच्या दगडांवर नावे कोरू नयेत. ज्यांनी तो बांधला त्यांनीसुद्धा आपली नावे कोरली नाहीत. विहिरीचे पाणी पिताना क्षणभर थांबून ते कोठून आले याचा विचार करावा. शिवराजेश्वराच्या सभामंडपात बसावे, आणि हा मंडप बांधणाऱ्याचे त्या गावात काही येणे नव्हते हे आठवावे.

मालवणच्या इतिहासात तोफा आल्या आणि गेल्या, मीठ आले आणि गेले, आगबोटी आल्या आणि गेल्या. आज पाहुणे येत आहेत. उद्या काय येईल हे समुद्रालाच ठाऊक. या साऱ्या उलथापालथीत जे टिकले ते कोणाच्या तरी रोजच्या हातांनी टिकले. बांधणे हे एका पिढीचे काम असते आणि त्याचा सोहळा होतो. राखणे हे प्रत्येक पिढीचे काम असते, त्याचा सोहळा होत नाही, हार-तुरे मिळत नाहीत. पावसाळ्यापूर्वी गच्चीवरचा पाला काढणारा, भेगेत चुना भरणारा, सांजवात लावणारा, हिशेबाची वही चोख ठेवणारा, अशा माणसांची यादी कोणत्याही संगमरवरी फलकावर लागत नाही. पण तीनशे वर्षांनी जेव्हा कोणी परगावचा पाहुणा येऊन भिंतीला हात लावतो आणि भिंत पक्की आहे असे म्हणतो, तेव्हा तो त्यांचेच नाव घेत असतो.

 इति शम्.